आजीसाठी पंधरा मिनिटं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय ठरवूनच ठेवला होता. 'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयमुळे आपल्या मुलांच्या नोकऱ्या राहणार की जाणार, यावर बोल.' मी म्हटलं, ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांची भाषणं सगळ्यांच्या फोनवर रोज फुकट येतात. मी दुसरं काहीतरी सांगते. गेल्या दीड वर्षात मी एका पंधरा वर्षांच्या मुलीला बायबल वाचायला लावायचा प्रयत्न केला आणि त्यात साफ आपटले, ते सांगते.

पलीकडे जरा शांतता झाली. मग त्यांनी हळूच विचारलं, 'म्हणजे धार्मिक?' मी म्हटलं, घाबरू नकोस. मी कुणाला काही विकायला येत नाहीये. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी लिहितंच की मुलगा गीतेचा बारावा अध्याय पाठ करत नाही, मुलीला ज्ञानेश्वरी उघडायची नाही, किंवा मुलगा कुराण शिकवायला येणाऱ्या मौलवींना बघून बाथरूममध्ये जाऊन बसतो. सगळ्यांचं दुखणं एकच आहे. माझ्या घरी त्याचं नाव बायबल आहे, एवढंच.

तर ही मुलगी माझी भाची, भावाची मुलगी. शरणपूरच्या आमच्या घरी आई, भाऊ, वहिनी आणि ती राहतात. मी पुण्यात. दीड वर्षापूर्वी तिला चर्चमध्ये कन्फर्मेशनच्या वर्गात घातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लहानपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा आईवडील आपल्या वतीने बोलतात. कन्फर्मेशनला मूल मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगतं की हो, मला हे मान्य आहे. त्याआधी बायबल थोडंफार तरी वाचलेलं असावं अशी अपेक्षा असते. वाढदिवसाला तिला चेनच्या कव्हरचं नवं कोरं इंग्रजी बायबल मिळालं. तीन महिन्यांनी मी गेले तेव्हा ती चेन एकदाही उघडलेली नव्हती. वहिनीने माझ्याकडे बघितलं. आत्या शिकलेली, आत्या पुण्याची, आत्याचं ती ऐकते. काम माझ्याकडे आलं.

आता मी इंजिनिअर. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. एक्सेल शीट. आमच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, ३९ जुन्या करारात आणि २७ नव्या करारात. एकूण १,१८९ अध्याय. भागिले ३६५, म्हणजे दिवसाला सव्वातीन. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पुस्तक संपतं. शीटला रंग दिले, वाचलं की हिरवं, राहिलं की लाल. फोनवर अ‍ॅप टाकून दिलं, रात्री नऊला नोटिफिकेशन. आमच्या ऑफिसमध्ये यापेक्षा वाईट प्लॅन मंजूर झालेले मी पाहिले आहेत.

पहिले दोन आठवडे शीट हिरवीगार. उत्पत्ती वाचायला कंटाळा येतच नाही. त्यात भाऊ भावाला मारतो, मुलगा आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद पळवतो, भाऊ मिळून धाकट्याला विकतात. निर्गमाचा पहिला अर्धा भागही जोरात जातो. आणि मग पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडप सुरू होतो. किती हात लांब, किती हात रुंद, पडदे किती, कड्या किती, कोणत्या लाकडाच्या. त्याच्या पुढे लेवीय, सत्तावीस अध्याय, कोणता प्राणी कसा अर्पण करायचा आणि महारोग कसा ओळखायचा. शीट लाल व्हायला लागली. मी फोन करून विचारलं की काय गं, कुठे अडलीस? ती म्हणाली, 'आत्या, तुझं अ‍ॅप मला रोज नऊ वाजता सांगतं की मी मागे आहे. देवाला पण हेच सांगायचंय का?'

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही, म्हणजे ते आठवण्यासारखं नसणार.

खरी गोष्ट अशी की मीही तिच्या वयात लेवीयमध्येच थांबले होते. माझी आजी रोज पहाटे चहाच्या आधी मोठ्याने वाचायची आणि मला बोलवायची. मी म्हणायचे, आजी, दहावी आहे. मग बारावी होती, मग इंजिनिअरिंग. आजी गेली तेव्हा मी बंगळुरूला ट्रेनिंगमध्ये होते. तिचं बायबल आता माझ्या कपाटात आहे. त्यात मोरपीस, प्रार्थनेच्या चिठ्ठ्या आणि माझ्या नववीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स आहे. हे भाचीला सांगितलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता. मी तिला शीट पाठवली.

मग मी जरा बसून विचार केला की अडतं कुठे.

पहिलं म्हणजे आपण मुलाच्या हातात एक जाड पुस्तक देतो आणि सांगतो, पहिल्या पानापासून सुरू कर. पण हे पुस्तक म्हणजे कपाट आहे. त्यात कायदे आहेत, वंशावळी आहेत, गाणी आहेत, खासगी पत्रं आहेत, राजांच्या भानगडी आहेत, प्रेमकविताही आहे. शाळेच्या वाचनालयातलं कपाट कुणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून ओळीने वाचत आलं नाही. रूथ चार अध्यायांचं आहे, सासू आणि सुनेची गोष्ट. योना चार अध्यायांचं, एकूण ४८ वचनं. माशाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण शेवटी योना रुसून उन्हात बसतो आणि देव त्याला एक प्रश्न विचारतो, आणि पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं, चारांतलं सगळ्यांत लहान. एका पावसाळी दुपारी संपतं. मार्क धावत लिहितो. मूळ ग्रीकमध्ये 'लगेच' हा शब्द त्याने चाळीसेक वेळा वापरलाय म्हणतात. पंधरा वर्षांच्या मुलाला तो वेग मानवतो.

दुसरं, भाषा. आमच्या मुलांचं हे जरा विचित्र आहे. शाळा इंग्रजी, घर मराठी, चर्च मराठी, आणि चर्चची मराठी पुन्हा वेगळी. वल्हांडण, बेखमीर भाकर, निवासमंडप. आपल्या वर्गात मला कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही घरी इंग्रजी बोलता ना? मी म्हटलं होतं, आम्ही घरी अशी मराठी बोलतो की तुला कळणार नाही. ज्याने विचारलं तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. माझ्या भाचीला इंग्रजी सफाईने वाचता येतं, पण ते तिच्या डोक्यातून जातं, पोटात उतरत नाही. आणि मराठी उतरते, पण वाचताना अडखळते.

या भाषेच्या प्रश्नाला चारशे वर्षं झाली आहेत. गोव्यात फादर स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट होते. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची तक्रार होती की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? ऐकायचं काय? हा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात घातलाय. आणि उत्तर म्हणून त्यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं, सुमारे अकरा हजार ओव्या, १६१६ साली राशोलला छापलं. देवनागरी खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आपण जे करतो तेच. त्या माणसाने लोकांना 'वाचा, वाचा' म्हणून बजावलं नाही. लोकांना जे ऐकायची सवय होती त्या चालीत त्याने गोष्ट बसवली.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली, विधवा, परित्यक्ता. त्यांना आधीचं संस्कृतप्रचुर भाषांतर कळेना. संस्कृतची पंडिता असलेल्या बाईने त्यांच्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. सुमारे अठरा वर्षं त्या कामात गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी काम पुरं झालं. छापून आलं १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली. मला यातलं हे नेहमी आठवतं की ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्याच हातून ते पुस्तक छापलं गेलं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी एक्सेल शीट केली.

आता मधेच दुसरी गोष्ट सुरू होते. माझ्या आईचे डोळे. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते व्यवस्थित झालं. मग लक्षात आलं की पडद्याचाच त्रास आहे. दृष्टिपटलाचा मधला भाग वयाने झिजतो. कडेचं दिसतं, मधलं पुसट होतं. तिला दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. डोळ्यांत इंजेक्शनं झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं राखू. आईने आधी पेपर सोडला, मग उपासना संगीतातली गाणी, ती तिला तशीही पाठ होती. शेवटी बायबल बंद झालं. रोज सकाळी ती ते उघडून मांडीवर घेऊन बसायची, चष्मा लावून, न वाचता. हे मला वहिनीने सांगितलं. आई बोलली नाही.

मी पुन्हा इंजिनिअर. तिच्या फोनवर ऑडिओ बायबल टाकलं, मोठं बटण, एक दाबलं की सुरू. चार दिवस तिने ऐकलं. पाचव्या दिवशी म्हणाली, 'बंद कर तो माणूस. तो थांबत नाही.'

मी म्हटलं, आई, पॉजचं बटण आहे की.

ती म्हणाली, 'मला थांबायचं असतं तेव्हा बटण शोधेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. मला वाचणारं माणूस पाहिजे.'

आणि तिने भाचीला सांगितलं, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. तू वाच, मी ऐकते. तुझ्या चेनच्या पुस्तकातून नको, माझ्या पुस्तकातून.

भाची नाही म्हणाली नाही. आजीला कोण नाही म्हणणार? पण पहिले काही दिवस फार हालाचे गेले. ती शब्द फोडून फोडून वाचायची. 'शास्त्री व परूशी' आलं तेव्हा तिने विचारलं, 'आजी, हे पारशी तिथे काय करत होते?' आई इतकी हसली की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. अध्याय बाजूला राहिला आणि परूशी कोण, ते येशूवर का चिडायचे, यावर पंधरा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी भाचीच्या लक्षात आलं की आजी तिच्या आधीच ओळ पुरी करते. ती म्हणाली, 'तुला पाठ आहे तर मला का वाचायला लावतेस?' आई म्हणाली, 'पाठ आहे ते मला सापडतं गं. मधलं सुटतं.'

शब्बाथशाळेत पाठांतराच्या स्पर्धा असायच्या. करिंथकरांस पहिलं पत्र, तेरावा अध्याय, तेरा वचनं पाठ म्हटली की बक्षीस. मी एक स्टीलचा डबा जिंकला होता, अजून त्यात मोहरी आहे. मोठी झाल्यावर मी या पाठांतराची पुष्कळ टिंगल केली. डब्यासाठी पाठ केलेलं काय कामाचं, असं म्हणायचे. आईचं बघून आता तसं म्हणवत नाही. तिच्याकडे आज जे आहे ते सगळं पाठ केलेलंच आहे. पण आमच्या एका नातेवाइकाने भाचीला एका पुस्तकामागे शंभर रुपये देऊ केले होते, त्याला मात्र मी अजूनही नावं ठेवते. तिने दोन दिवसांत सगळ्यांत लहान पाच पुस्तकं वाचून पाचशे रुपये नेले. मुलगी हुशार आहे. दुसऱ्या योहानात काय आहे ते तिला आज विचारा.

तर मार्क वाचणं सुरू होतं. मी दर रविवारी फोनवर ऐकायचे. आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्या माणसाची गोष्ट आहे. येशू त्याला बरं करतो, पण एका झटक्यात नाही. पहिल्या खेपेला त्या माणसाला अर्धवट दिसतं, माणसं झाडांसारखी हलताना दिसतात. आई म्हणाली, 'अगदी असंच. मला तुम्ही सगळे असेच दिसता.' आणि हसली. भाची गप्प झाली. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, मी नाही वाचणार.

त्या रात्री तिने मला फोन केला. रात्रीचे अकरा. म्हणाली, 'आजीने एवढी वर्षं हेच वाचलं. रोज. आणि देवाने तिचेच डोळे घेतले. मग त्या गोष्टीतल्या माणसाला कशाला बरं केलं? आणि तुम्ही सगळे मला म्हणता वाच.'

मित्रांनो, आम्ही सगळे तोपर्यंत म्हणत होतो की तिला कंटाळा येतो, तिला गोडी नाही, फोनमुळे लक्ष लागत नाही. तिला कंटाळा आलेला नव्हता. तिला राग आला होता, आणि तो विचारायला जागा नव्हती. माझ्या शीटमध्ये हिरवा आणि लाल असे दोनच रंग होते.

मी तिला काय सांगणार? मला सुचलं नाही. मी म्हटलं, मलाही हे कळत नाही, तू उद्या आजीलाच विचार. फोन ठेवल्यावर मला वाटलं, हे काय मी आजीच्या अंगावर ढकललं.

तिने विचारलं. तोंडावर. आईने उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, 'मलाही कळलेलं नाही. ईयोब काढ.'

ईयोबाचं पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे. चांगल्या माणसावर काही कारण नसताना संकटं येतात. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथपर्यंत ते उत्तम मित्र असतात. मग ते बोलायला लागतात आणि सगळं बिघडवतात. तुझंच काही चुकलं असेल, देव उगाच करत नाही, असं पानंच्या पानं. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याबद्दल नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. आणि सबंध पुस्तकभर तक्रार केलेली असते ती ईयोबाने.

भाचीने हे वाचून मला मेसेज केला, 'आत्या, तू त्या मित्रांपैकी आहेस.' पुढे हसणारा चेहरा होता, पण म्हणणं खरं होतं.

त्यानंतर आईने तिला स्तोत्रं काढायला लावली. तीही पाठांतरातली गोड नव्हेत, ८८ वं. त्या स्तोत्रात शेवटपर्यंत उजेड येत नाही, ते अंधारातच संपतं. भाची म्हणाली, 'असं देवावर ओरडलेलं चालतं? आणि हे छापलंय?' हा तिला खरा शोध होता. मला वाटतं, त्या दिवसापासून ती वाचायला लागली. त्याआधी ती आजीचं काम करत होती. तेही काही कमी नव्हतं म्हणा.

काम म्हणून वाचणाऱ्यांना कमी लेखू नये, यावरून एक आपल्या गावची गोष्ट सांगते. शरणपूर रोडचं नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो. खरेदी, वडापाव, सिग्नल. पण एकोणिसाव्या शतकात मिशनने वसवलेल्या त्या शरणपुरात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलंही शिकत होती. त्यातला एक जेकब वेनराइट. इथे शिकून तो परत आफ्रिकेत गेला, आणि डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ साली आजच्या झांबियात वारले तेव्हा त्यांच्याबरोबरच्या माणसांत तो होता. त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकबने, आणि झाडावर अक्षरं कोरलीही त्यानेच. कारण त्याला वाचता-लिहिता येत होतं. मग त्या मंडळींनी तो देह महिनोन्‌महिने पायी किनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तो पुरला, तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत शरणपूरचा हा मुलगा होता. इथल्या वर्गात बसून धडा गिरवताना तो किती मनापासून गिरवत होता कोण जाणे. पण वेळ आली तेव्हा वाचणारा तोच होता. हे मी भाचीला सांगितलं. तिला ते आवडलं, कारण आपण रोज ज्या रस्त्याने क्लासला जातो तिथलं हे आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही आपल्या शाळेत असताना माहीत नव्हतं.

शाळेत मला जे मिळालं ते वेगळं होतं. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून नव्हे, खरंच सांगते. नववीत एका ऑफ तासाला बाईंनी वाचनालयातून 'स्मृतिचित्रे' आणलं आणि मला वाचायला उभं केलं. लक्ष्मीबाई टिळक, जन्म १८६८, जलालपूरच्या. इथून गंगेच्या कडेने गेलं की जलालपूर. वर्ग हसत होता, कारण पुस्तकच तसं आहे, आणि मी वाचता वाचता थबकले. ही बाई आमच्यातली होती. आमची चर्च, आमची गाणी, सगळं सरळ मराठीत आणि सगळा वर्ग ऐकतोय. घरी जाऊन मी आजीला विचारलं, तर आजी म्हणाली, तिच्या यजमानांची गाणीच तर आपण रविवारी म्हणतो. बाई, तुम्ही मला का उभं केलंत हे मी कधी विचारलं नाही. आज चहाच्या वेळी विचारणार आहे.

टिळकांची गोष्ट नव्याने वाचू लागणाऱ्यांना सांगण्यासारखी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गप्पा रंगल्या, कवितेवर, आणि उतरताना त्याने त्यांना नवा करार दिला. टिळकांना त्या पुस्तकाची काही ओढ नव्हती. दिलेला शब्द म्हणून उघडलं. आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनापाशी, ते अडकले. पुढे सरकेनात. माझ्या शीटप्रमाणे ते दुसऱ्या दिवशीच मागे पडले असते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, म्हणजे येताना त्यांनी मागचं काही टाकलं नाही.

पण मला त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाईंचा आधार वाटतो. नवरा धर्म सोडून गेला, संसार मोडला, चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळं घेऊनच आल्या. एवढा मोठा कवी आणि वक्ता नवरा घरात, पण त्यांना घाई करणं त्यालाही जमलं नाही. त्यांनी आपल्या वेळेने, आपल्या डोक्याने, चुलीपाशी बसून विचार केला, आणि १९०० साली स्वतः निर्णय घेतला. पुढे टिळकांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं करणारी हीच बाई. मला वाटतं, पोरांना धर्मग्रंथ देणाऱ्या सगळ्या आत्या-मावशींनी लक्ष्मीबाईंची ती वर्षं आधी वाचावीत.

आता तुम्ही विचाराल की पुढे काय झालं. मुलगी धार्मिक झाली का? माहीत नाही. गेल्या डिसेंबरात कन्फर्मेशन होतं. तिने पाळकांना सांगितलं की मला अजून पुष्कळ विचारायचं आहे, मी इतक्यात उभी राहणार नाही. भाऊ आणि वहिनी थोडे नाराज झाले, मंडळीत चार जणांनी विचारलं. पाळक म्हणाले, तू प्रश्न लिहून आण, आपण बसू. तिने वही केली आहे. पहिल्या पानावर आजीच्या डोळ्यांचाच प्रश्न आहे. त्याखाली योनाबद्दल आहे, लेवीयबद्दलही आहे. हो, ती परत निर्गम-लेवीयकडे गेली. आजीला पडद्यांची मापं ऐकायची होती. आईचे वडील सुतार होते, तिला ते हात आणि ती लाकडं डोळ्यांपुढे दिसतात. जे आम्हा दोघींना वाळवंट वाटलं होतं तिथे आई म्हणाली, 'हळू वाच, किती कड्या म्हणालीस?'

एक्सेल शीट मी डिलीट केलेली नाही. त्यात आता एकच कॉलम आहे, तो भाची भरते. आजीने कुठे थांबवलं, ते ती लिहिते. गेल्या मंगळवारी नामी गावाला परत येते तिथे, बायकांना म्हणते की मला आता जुन्या नावाने हाक मारू नका, तिथे थांबले. कारण लिहिलेलं नाही.

आज शाळेतून मी थेट घरी जाणार आहे. उद्या भाचीची क्लासची परीक्षा आहे, तिने आठवडाभर आधीच सांगून ठेवलंय की आत्या, आज तुझी पाळी. मागच्या वेळी मी वाचलं तेव्हा आई म्हणाली, 'तू फार भराभर वाचतेस. ती बरी.'